लिग्निन : किती, कुठे आणि कसले

वनस्पतीचे खोड ताठ उभे राहते आणि तिच्या जलवाहिन्या आतल्या ओढीने चेपत नाहीत, ते लिग्निनमुळे. पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे लांब तंतू असतात, त्यांना बिलगून हेमिसेल्युलोज असते आणि पेशीची वाढ थांबली की उरलेल्या फटींत लिग्निन भरत जाते. सह्याद्रीच्या गावांत कारवीचा कुड उभा करून त्यावर शेणमाती लिंपतात. तिथे जे काम लिंपणाचे, ते इथे लिग्निनचे. मात्र लिग्निन पाणी शोषत नाही आणि बहुतेक जिवाणूंना ते पचत नाही. सूचिपर्णी झाडांच्या लाकडात त्याचे प्रमाण साधारण २५ ते ३३ टक्के आणि रुंदपानी झाडांच्या लाकडात १८ ते २५ टक्के असते. सेल्युलोजच्या खालोखाल पृथ्वीवर सर्वाधिक आढळणारे सेंद्रिय बहुवारिक हेच.

चाळीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी वनस्पती जमिनीवर उंच वाढू लागल्या, तेव्हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न पाण्याचा होता. पानांतून बाष्प उडते, त्या ओढीने मुळांपासूनचा पाण्याचा स्तंभ वर खेचला जातो. हा स्तंभ ताणाखाली असतो. नळीची भिंत मऊ असेल तर ती आत दबते आणि पाणी तुटते. लिग्निनयुक्त भिंतीच्या नळ्या आल्या आणि मगच वृक्ष शक्य झाले. मुळांच्या आतल्या थरातही लिग्निनचा एक अरुंद पट्टा असतो. जमिनीतले काय आत घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, यावर तो नियंत्रण ठेवतो. बुरशीचा हल्ला झाला की जखमेभोवती वनस्पती घाईने लिग्निन साठवते. म्हणजे आधार, पाणी आणि संरक्षण अशी तीन कामे या एका पदार्थावर आहेत. लिग्निन कमी करण्याच्या प्रयोगांचे पुढे जे झाले, त्याचे मूळ या तिहेरी जबाबदारीत आहे.

माणसाला मात्र बहुतेक वेळा सेल्युलोज हवे असते. कागदाला तंतू हवेत, इथेनॉलला तंतूंतली साखर हवी, गाईम्हशींच्या कोटीपोटातल्या जिवाणूंनाही तीच हवी. या सगळ्यांच्या वाटेत लिग्निन येते. डान्झिगच्या कार्ल दाल याने १८७९ साली शोधलेल्या क्राफ्ट पद्धतीत लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली, साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला शिजवतात. लिग्निन विरघळून काळ्या द्रवात जाते, तंतू मागे राहतात. कागद कारखान्यांच्या परिसरात येणारा उग्र वास या पद्धतीतल्या गंधकाच्या संयुगांचा. एवढे करूनही तंतूंना चिकटून राहिलेले लिग्निन कागद पिवळा पाडते, म्हणून लगदा विरंजित करावा लागतो. जुन्या पद्धतीत त्यासाठी क्लोरीन वायू वापरत. त्यातून डायॉक्सिनसारखी घातक संयुगे नद्यांत गेली, म्हणून अनेक देशांनी ती पद्धत सोडली. झाडातच लिग्निन कमी किंवा सैल असेल तर रसायने, उष्णता आणि सांडपाणी या तिन्हींत बचत होईल, हा जनुकीय बदलांमागचा पहिला विचार.

लिग्निन हे नाव स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कँडोल यांनी १८१३ मध्ये वापरले. पुढे १८३८ मध्ये फ्रान्सच्या आन्सेल्म पायेन यांनी लाकडावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तंतुमय सेल्युलोज आणि त्यावर बसलेला कार्बनने समृद्ध थर वेगळे ओळखले. या थराची रचना समजायला मात्र शतकाहून अधिक काळ गेला, कारण ती इतर जैविक बहुवारिकांसारखी शिस्तबद्ध नाही. प्रथिनात अमिनो आम्लांचा क्रम ठरलेला असतो, सेल्युलोजमध्ये ग्लुकोजची एकसारखी साखळी असते. लिग्निनचे घटकरेणू भित्तिकेत पोहोचल्यावर लॅकेस आणि पेरॉक्सिडेज ही विकरे त्यांचे मुक्तमूलकांत रूपांतर करतात. मग ते रेणू ज्या क्रमाने आणि ज्या जागी जुळतील तसे जुळतात. त्यामुळे एका जाळ्यासारखे दुसरे जाळे नसते.

मुख्य घटकरेणू तीन : पॅरा-कौमरिल, कोनिफेरिल आणि सिनॅपिल अल्कोहोल. त्यांपासून बनणाऱ्या भागांना अनुक्रमे एच, जी आणि एस म्हणतात. पाइन, देवदार अशा सूचिपर्णी झाडांत जवळजवळ सगळे जी असते. निलगिरी, पॉप्लर, सुबाभूळ यांत जी आणि एस. आणि ज्वारी, मका, ऊस या तृणवर्गात तिन्ही असून शिवाय फेरुलिक आम्लाचे दुवे असतात. फरक बारीक आहे, पण परिणाम मोठा. जी रेणूच्या कड्यावर एक जागा मोकळी असते, तिथे कार्बन-कार्बन बंध बनतात आणि ते कारखान्याच्या भांड्यात सहसा तुटत नाहीत. एस रेणूत ती जागा आधीच भरलेली असते, म्हणून त्याच्या साखळ्या बहुतांशी ऑक्सिजनच्या बंधांनी जोडलेल्या राहतात आणि अल्कलीत लवकर सुटतात. निलगिरीचा लगदा पाइनपेक्षा सहज निघतो, त्याचे एक मोठे कारण हेच.

पेशीत या रेणूंची सुरुवात फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लापासून होते. पीएएल हे विकर त्यातला नायट्रोजन काढते, मग सी४एच, ४सीएल, एचसीटी, सीसीआर, सीएडी अशी विकरांची रांग एकेक बदल करत जाते. एफ५एच आणि सीओएमटी ही दोन विकरे जीकडून एसकडे जाणारी वाट उघडतात. सगळा मार्ग उलगडला असे वाटत असताना २०१३ मध्ये सीएसई नावाचे एक महत्त्वाचे विकर नव्याने सापडले. प्रत्येक विकरामागे एक किंवा अनेक जनुके असतात आणि अभियंत्यांचे सगळे प्रयोग या रांगेतल्या कोणत्या तरी पायरीवर होतात : जनुक दाबणे, तोडणे, जोर वाढवणे किंवा दुसऱ्या जीवातले जनुक आणून बसवणे.

निसर्गाने असे प्रयोग आधीच केले होते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या शेतात १९२४ मध्ये पानाची मधली शीर तपकिरी असलेली मक्याची रोपे दिसली. या उत्परिवर्तनांचे पुढे अनेक प्रकार सापडले. बीएम१ मध्ये सीएडीचे काम मंदावलेले असते, बीएम३ मध्ये सीओएमटीचे जनुक बिघडलेले असते. अशा मक्याचा मुरघास गाईंना अधिक पचतो, म्हणून बीएम३ चे संकर वाण बाजारात आले. ज्वारीत हाच गुण पर्ड्यू विद्यापीठात रासायनिक उत्परिवर्तनाने आणला गेला. ते काम १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातही हैदराबादच्या भारतीय मिलेट्स संशोधन संस्थेने तपकिरी शिरेच्या चाऱ्याच्या ज्वारीवर काम केले आहे. ज्वारीचे ताट जून झाले की जनावरे बुडखे टाकून देतात, हे कडबा घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या नासाडीत लिग्निनचा मोठा हात असतो. तपकिरी शिरेच्या वाणांची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. अनेक वाणांत उत्पन्न घटते, वाऱ्यात पीक लोळण्याची भीती वाढते.

पाइनमध्ये तर याहून चकित करणारी गोष्ट दिसली. अमेरिकेच्या आग्नेय भागातील लोब्लॉली पाइनच्या एका वंशात सीएडीचे जनुक जवळजवळ निकामी आहे, असे रोनाल्ड सेडेरॉफ, जॉन रॅल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. ज्या झाडांना या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष मिळतात, त्यांचे लाकूड तपकिरी असते, पण झाड जगते आणि वाढते. नेहमीचा घटकरेणू कमी पडला तेव्हा झाडाने हाताशी असलेले, एरवी क्वचित वापरले जाणारे रेणू लिग्निनमध्ये गुंफले. लिग्निनची जुळणी शिथिल असल्याचा हा फायदा : जे मिळेल ते ती सामावून घेते. केवळ प्रमाण घटवण्याऐवजी लिग्निनचा प्रकारच बदलता येईल, या कल्पनेला इथून बळ मिळाले.

जनुकीय बदलांची सुरुवात १९९० च्या दशकात तंबाखू आणि पॉप्लरपासून झाली. पॉप्लर निवडण्याचे कारण साधे आहे : ते वेगाने वाढते, कलमाने लागते, त्यात बाहेरचे जनुक घालणे तुलनेने सोपे आहे आणि २००६ मध्ये ज्याचा जनुकसंच प्रथम वाचला गेला ते झाडही पॉप्लरच. सीएडी आणि सीओएमटी दाबलेल्या पॉप्लरची फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये चार वर्षे शेतचाचणी झाली. इंग्लंडमधली झाडे १९९९ मध्ये जनुकीय बदलांच्या विरोधकांनी तोडून टाकली, तरी चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सीएडी कमी असलेल्या झाडांचा लगदा कमी रसायनांत निघाला आणि झाडांच्या वाढीत दोष दिसला नाही. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, व्हिन्सेंट चियांग यांच्या गटाने अमेरिकेत ४सीएल दाबलेल्या अॅस्पेनची बातमी दिली : लिग्निन ४५ टक्क्यांपर्यंत घटलेले, सेल्युलोज १५ टक्के वाढलेले, वर झाडांची वाढही जोमदार. हरितगृहातल्या या आकड्यांनी मोठ्या अपेक्षा उभ्या केल्या.

उघड्या शेतात चित्र बदलले. ऑरेगॉनमध्ये ४सीएल दाबलेल्या पॉप्लरची दोन वर्षांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. ज्या झाडांत लिग्निन फार घटले होते ती खुरटली, काही झुडपासारखी झाली. लाकडात तपकिरी डाग होते, जलवाहिन्या जागोजागी तुंबलेल्या होत्या. त्या लाकडातून साखरही अधिक निघाली नाही. हरितगृहात पाणी रोज मिळते, वारा नसतो, उन्हाचा तडाखा नसतो. तिथे कमजोर जलवाहिनी निभावून जाते. बेल्जियममधल्या घेंट येथे वाउट बोरयान यांच्या गटाने सीसीआर दाबलेले पॉप्लर लावले. सरकारने परवानगी आधी नाकारली आणि २००९ मध्ये दिली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्वाधिक बदल झालेल्या लाकडातून इथेनॉलचा उतारा १६१ टक्क्यांपर्यंत वाढला, पण त्या झाडांचे लाकूडच कमी भरले. किलोमागे इथेनॉल वाढूनही एकरी हिशोब त्यामुळे बसला नाही. हा हिशोब न मांडता केवळ उताऱ्याचा आकडा सांगणारे लेखन वाचकाची दिशाभूल करते.

खुरटण्याचे कारण कोणते, यावरचे संशोधन या विषयातला सर्वांत रसाळ भाग आहे. पहिले उत्तर सरळ होते : जलवाहिन्या चेपतात, पाणी वर चढत नाही, झाड वाढत नाही. घेंटच्या गटाने अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहान वनस्पतीत सीसीआरचे जनुक सर्वत्र बंद ठेवले आणि फक्त जलवाहिन्यांत ते पुन्हा चालू केले. खुरटलेली रोपे सावरली, तंतूंत लिग्निन मात्र कमीच राहिले. म्हणजे लिग्निन किती आहे, यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व. पण पर्ड्यूच्या क्लिंट चॅपल यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलेली गोष्ट या उत्तरात बसत नव्हती. त्यांच्याकडच्या अॅराबिडॉप्सिसमध्ये रांगेतले एक विकर निकामी असल्याने रोपे अतिशय बुटकी होती. त्यांतली मीडिएटर नावाच्या, जनुकांचे वाचन नियंत्रित करणाऱ्या प्रथिनसमूहातली दोन जनुके काढली, तर रोपे बरीचशी पूर्ववत वाढली. त्यांचे लिग्निन जवळजवळ पूर्णपणे एच प्रकारचे होते, जे निसर्गात सहसा थोडेच असते. जलवाहिन्यांचा दोष हेच एकमेव कारण असते तर हे झाले नसते. लिग्निनच्या मार्गात बिघाड झाल्याची खबर पेशीला कुठून तरी मिळते आणि ती स्वतःच वाढ आवरते, असा त्याचा अर्थ. ती खबर थांबवली की वाढ परत येते.

खुरटणे टाळण्याचा तिसरा मार्ग मात्रेचा. घेंटच्या गटाने २०२० मध्ये क्रिस्पर या जनुकसंपादन तंत्राने पॉप्लरमधल्या सीसीआर२ जनुकाची एक प्रत पूर्ण निकामी केली आणि दुसरी प्रत अर्धवट काम करेल अशी ठेवली. लिग्निन सुमारे १० टक्के घटले आणि वाढीत तूट दिसली नाही. निम्म्याने घट झाल्याच्या बातम्यांपुढे हा आकडा लहान वाटेल, पण टिकण्याजोगा बदल बहुधा अशाच आकाराचा असतो.

प्रमाणाला हात न लावता लिग्निनचा प्रकार बदलणे ही त्याहून सुज्ञ वाट आहे. एफ५एचचा जोर वाढवलेल्या पॉप्लरमध्ये एसचे प्रमाण ९० टक्क्यांहून वर गेले आणि लगदा सहज निघाला. विस्कॉन्सिनचे जॉन रॅल्फ आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे शॉन मॅन्सफील्ड यांच्या गटांनी २०१४ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. चिनी औषधांत वापरल्या जाणाऱ्या अँजेलिका सायनेन्सिस या वनस्पतीतले एक जनुक त्यांनी पॉप्लरमध्ये घातले. त्यामुळे लिग्निनच्या साखळीत मधूनमधून एस्टर बंध आले, जे सौम्य अल्कलीत तुटतात. झाड उभे असताना लिग्निन आपले काम करते आणि कारखान्यात गेल्यावर त्या जागांवरून सुटते. असे बंध अनेक वनस्पतींत थोड्या प्रमाणात मुळातच असतात, हे नंतर दिसून आले. व्हॅनिलाच्या बीजकवचात तर कॅफेइल अल्कोहोलपासून बनलेले सरळ साखळीचे लिग्निन सापडले आहे. त्यापासून कार्बन तंतूंसारखे पदार्थ करता येतील का, याचा अभ्यास चालू आहे.

प्रत्यक्ष शेतापर्यंत पोहोचलेले ठळक उदाहरण वृक्षाचे नाही, चाऱ्याचे आहे. लसूणघासाला फुले येऊ लागली की उत्पन्न वाढते, पण खोडे जून होऊन पचन घटते, म्हणून कापणीची वेळ साधावी लागते. ओक्लाहोमातील नोबल फाउंडेशन, फोरेज जेनेटिक्स इंटरनॅशनल आणि मोन्सँटो यांनी सीसीओएओएमटी हे जनुक दाबलेला लसूणघास तयार केला. अमेरिकी कृषी खात्याने २०१४ मध्ये त्यावरील निर्बंध उठवले आणि हार्व्हएक्स्ट्रा या नावाने तो विकला जाऊ लागला. त्याच वाढीच्या अवस्थेतल्या साध्या वाणापेक्षा त्यात १२ ते १८ टक्के लिग्निन कमी असते, त्यामुळे कापणी सात ते दहा दिवस लांबवता येते, असे कंपनी सांगते. आक्षेपही आहेत. लसूणघासाचे परागण मधमाश्या करतात, म्हणून शेजारच्या सेंद्रिय शेतात जनुक जाण्याची शक्यता असते. शिवाय तो तणनाशक सहन करणाऱ्या गुणासह विकला जातो. तणनाशक सहन करणाऱ्या आधीच्या लसूणघासाचे अंश आढळल्यावरून चीनने २०१४ मध्ये अमेरिकी वैरण परत पाठवली होती. परदेशी बाजारावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो धडा महागाचा होता.

महाराष्ट्राशी सर्वांत जवळचे पीक ऊस. आधुनिक उसात १०० हून अधिक गुणसूत्रे असतात आणि एकेका जनुकाच्या अनेक प्रती असतात, म्हणून एक जनुक बंद करणेही कठीण. फ्लोरिडा विद्यापीठात फ्रेडी अल्टपीटर यांच्या गटाने टॅलेन या जनुकसंपादन तंत्राने सीओएमटीच्या १०० हून अधिक प्रतींत एकदम बदल केले. २०१८ मध्ये आलेल्या शेतचाचणीच्या निष्कर्षांत साखर सुटण्याचे प्रमाण ४३.८ टक्क्यांपर्यंत वाढले आणि उत्पन्न घटले नाही. इथे एक अडचण लक्षात घ्यावी लागते. राज्यातले साखर कारखाने बगॅस जाळून वाफ आणि सहवीज निर्माण करतात. जळताना लिग्निन किलोमागे सुमारे २५ मेगाज्यूल उष्णता देते, सेल्युलोज सुमारे १७. बॉयलरसाठी लिग्निन हा तोटा नव्हे. कमी लिग्निनच्या उसाचा फायदा दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे सेल्युलोजपासून केलेल्या इथेनॉलला होईल. हे तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने विकसित केले आहे आणि पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झालेला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावरचा प्रकल्प त्यावर आधारलेला आहे. कारखाना बगॅसचे काय करणार, हे ठरल्याशिवाय उसात लिग्निन कमी हवे की नको, हे ठरत नाही.

सुबाभळीचीही महाराष्ट्रात ओळख जुनी. उरुळी कांचनच्या बायफ संस्थेने, मणिभाई देसाई यांच्या पुढाकाराने, चारा आणि सरपणासाठी तिचा प्रसार केला. पुढे तिच्या लाकडाला कागद कारखान्यांकडून मागणी आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुबाभळीतील ४सीएल, सीसीआर, सीएडी अशी लिग्निनच्या मार्गातली जनुके वेगळी करून त्यांचा अभ्यास केला. लखनौ विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये ओएमटी जनुक दाबलेली सुबाभूळ तयार केल्याचे प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेतले रोप आणि कारखान्याच्या दारात येणारा ट्रक यांच्यातले अंतर मात्र मोठे आहे, आणि ते फक्त विज्ञानाचे नाही.

क्रिस्परने या क्षेत्राची पद्धतच बदलली. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या जॅक वांग आणि रोडोल्फ बॅरांगू यांच्या गटाने २०२३ मध्ये पॉप्लरच्या लिग्निन मार्गातील २१ जनुकांमधल्या बदलांच्या सुमारे ७०,००० शक्यता आधी संगणकावर तपासल्या, त्यांतल्या सात निवडल्या आणि १७४ झाडांचे वंश तयार केले. काहींत लिग्निन ४९ टक्क्यांपर्यंत घटले. ही झाडे सहा महिन्यांची आणि हरितगृहातली होती. ऑरेगॉनचा अनुभव लक्षात घेतला तर खरी परीक्षा शेतात, अनेक उन्हाळ्यांनंतर होईल.

त्या परीक्षेत काय पाहायला हवे, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. दुष्काळात जलवाहिन्या टिकतात का, वादळात खोड मोडते का, खोडकिडे आणि बुरशी वाढतात का, पालापाचोळा कुजण्याचा वेग बदलतो का. पॉप्लरचे परागकण वाऱ्याने दूर जातात, म्हणून रानटी पॉप्लर जवळ असलेल्या भागात फुलेच न येणारे किंवा वंध्य वंश लावावे लागतील. भारतात अशा वनस्पती १९८९ च्या नियमांखाली येतात आणि शेतचाचणीसाठी परवानगी लागते. २०२२ मध्ये केंद्राने बाहेरचे जनुक शिल्लक न राहणाऱ्या जनुकसंपादित वनस्पतींना या नियमांतल्या अनेक तरतुदींतून सूट दिली. क्रिस्परने एखादे जनुक केवळ बंद केलेली सुबाभूळ या सवलतीत येऊ शकते. अँजेलिकाचे जनुक घातलेली येणार नाही. झाड काही वर्षांनी तोडणीला येते, आणि कागद किंवा इथेनॉलचा कारखाना त्याच्या लाकडाचा भाव ठरवताना एकरी किती लगदा किंवा इथेनॉल मिळेल हेच पाहील. म्हणून लिग्निनच्या प्रमाणाबरोबर एकरी लाकडाचे वजन आणि पडलेल्या झाडांची संख्या हे दोन आकडे प्रत्येक चाचणीत नोंदवले जायला हवेत.